आडात आहे, पण पोहऱ्यात येत नाही

(द्वितीय वर्ष कला)

‘आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार?’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. उन्हाळ्यात विहिरी कोरड्या पडणाऱ्या गावांत ती जन्मली असावी. आजच्या ज्ञानव्यवहाराकडे पाहिले की मात्र ही म्हण उलटी करून म्हणावीशी वाटते. आड तुडुंब भरलेला आहे, त्याच्यावर झाकण नाही, कुलूप नाही, कुणीही यावे आणि पाणी शेंदून न्यावे असे मालकाने स्वतः लिहून ठेवले आहे. आणि तरीही पोहरा रिकामाच वर येतो. कारण हातातली दोरी आखूड आहे.

प्रस्तुत लेख या आखूड दोरीविषयी आहे. जगभरच्या खुल्या संगणकप्रणालींचा जो अफाट मजकूर आज कुणालाही वाचता येतो, त्यात दोन अक्षरांचा एखादा शब्द शोधू गेले तर काय होते, आणि त्यातून आपण कोणता बोध घ्यावा, एवढाच प्रश्न मी येथे घेतला आहे. हा तर विज्ञान शाखेचा विषय, कला शाखेच्या वार्षिकात त्याचे काय काम, असे कुणी विचारील. माझे म्हणणे असे की, हा प्रश्न मुळात शब्दाचा आणि अर्थाचा आहे. आणि शब्द व अर्थ हा तर आपलाच प्रांत आहे.

प्रथम थोडी ओळख करून देणे अवश्य आहे. संगणकाकडून काम करून घेण्यासाठी माणूस जो मजकूर लिहितो त्याला ‘सोर्स कोड’ म्हणतात. बऱ्याच कंपन्या हा मजकूर गुपित ठेवतात. परंतु १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली आणि हा मजकूर सर्वांना वाचता, बदलता व वाटता आला पाहिजे असा आग्रह धरला. १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने ‘लिनक्स’ची सुरुवात केली. १९९८ पासून या रीतीला ‘ओपन सोर्स’ हे नाव रूढ झाले. असा मजकूर ज्या कोठारांत ठेवतात त्यांना ‘रिपॉझिटरी’ म्हणतात. आपल्या मोबाइलमधील अँड्रॉइडचा गाभा, फायरफॉक्स, लिब्रे-ऑफिस, हे सारे अशाच कोठारांतून आलेले आहे. कोठारांचा पसारा किती? ‘गिटहब’ या अशा कोठारांच्या सर्वांत मोठ्या ठिकाणाने २०२३ मध्ये आपली नवी शोधव्यवस्था सादर केली, तेव्हा तिच्या सूचीत सुमारे साडेचार कोटी रिपॉझिटऱ्या, दीड हजार कोटींहून अधिक फायली आणि ११५ टेराबाइट मजकूर होता. एवढे पाणी ज्या आडात आहे त्याच्या काठावर उभे राहून आपण पोहरा सोडतो आहोत, हे ध्यानात असू द्यावे.

आता उदाहरण घेऊ. मराठीच्या विद्यार्थ्याला साहजिकच एक प्रश्न पडतो. या खुल्या प्रणालींपैकी मराठी बोलणाऱ्या किती? म्हणजे ज्यांच्या पडद्यावरील सूचना, बटणांची नावे मराठीत वाचता येतात अशा किती? विषय प्रकल्पासाठी उत्तम आहे. शोधायचे कसे, हेही वरकरणी सोपे आहे. संगणकाच्या जगात प्रत्येक भाषेला एक छोटे सांकेतिक नाव असते. आयएसओ ६३९ या प्रमाणसंहितेत मराठीचे नाव आहे ‘एम-आर’, ही दोन रोमन अक्षरे. हिंदीचे ‘एच-आय’, ओडियाचे ‘ओ-आर’, असमियाचे ‘ए-एस’. आपल्या शेजारच्या कोकणीला दोन अक्षरांचे नाव मिळालेलेच नाही. तिला तीन अक्षरी ‘के-ओ-के’वर भागवावे लागते. प्रणालीत मराठी घालणारा माणूस बहुतेक वेळा ‘मराठी’ असा पूर्ण शब्द लिहीतच नाही. तो ‘एम-आर’ लिहितो आणि पुढे जातो. तेव्हा ‘एम-आर’ शोधले की झाले!

पण तसे होत नाही. ‘एम-आर’ म्हणून हाक मारताच ओ देतात ते भलतेच लोक. सर्वांत पुढे ‘मिस्टर’, कारण त्याचेही संक्षिप्त रूप हेच. मग ‘मेमरी रीजन’, म्हणजे संगणकाच्या स्मृतीतील एखादा पट्टा. लिनक्समध्ये आणि ‘क्यूएमू’ नावाच्या प्रणालीत ही दोन अक्षरे त्या अर्थाने पानोपानी येतात. मग ‘मर्ज रिक्वेस्ट’, म्हणजे मी केलेला बदल मूळ मजकुरात मिळवून घ्या अशी विनंती. ‘गिटलॅब’ या ठिकाणी तिला याच दोन अक्षरांनी ओळखतात. मग रुग्णालयातील चुंबकीय तपासणीची चित्रे. त्यांच्यावरही याच दोन अक्षरांचा शिक्का असतो. गंमत म्हणजे पुष्कळ रिपॉझिटऱ्या एकदम सांभाळण्यासाठी जोई हेस यांनी लिहिलेल्या एका साधनाची आज्ञाही नेमकी ‘एम-आर’ हीच आहे. हे झाले ज्यांचे नावच ‘एम-आर’ आहे ते. शिवाय शब्दांच्या पोटात दडलेले वेगळेच. प्रोग्रॅम लिहिणारे लोक दोन शब्दांमध्ये जागा न सोडता ते जोडून लिहितात. ‘स्ट्रीम’ला ‘रीडर’ जोडला की स्ट्रीमच्या शेवटचा ‘एम’ आणि रीडरच्या आरंभीचा ‘आर’ शेजारी येतात, आणि तेथेही मराठी असल्याचा भास होतो. या साऱ्या गर्दीत आपली मराठी आहे, निश्चित आहे. पण जत्रेत हरवलेल्या पोरासारखी.

एक अक्षर वाढवून पाहावे म्हटले तर मराठीचे तीन अक्षरी सांकेतिक नाव ‘एम-ए-आर’ असे आहे. ते ‘मार्जिन’मध्ये आहे, ‘प्रायमरी’मध्ये आहे, ‘समरी’मध्ये आहे, ‘ग्रामर’मध्ये आहे आणि ‘मार्च’ महिन्यातही आहे. आपण तरी बरे. ओडियाचे ‘ओ-आर’ आणि असमियाचे ‘ए-एस’ ही तर इंग्रजीतील रोजची अव्यये. ती ज्यात नाहीत असा प्रोग्रॅम सापडणे कठीण! त्या भाषांच्या विद्यार्थ्यांनी काय करावे?

‘मूर्ती लहान पण कीर्ती महान’ असे आपण म्हणतो. शोधयंत्राच्या दारात मात्र लहान मूर्तीची कीर्ती फार झाली, हीच अडचण होऊन बसते. असे का होते हे समजून घेण्यासारखे आहे.

शोधण्याची जुनी रीत सरळ होती. १९७३ च्या सुमारास बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन यांनी ‘ग्रेप’ नावाचे साधन तयार केले. त्याला शब्द द्यावा आणि फायल द्यावी. ते फायलीची ओळ न् ओळ वाचते आणि शब्द असलेल्या ओळी काढून दाखवते. आपल्या टेबलावरील चार-दोनशे फायलींसाठी ही रीत आजही उत्तम आहे. परंतु ११५ टेराबाइट मजकूर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचा म्हटले तर? गिटहबच्या अभियंत्यांनी हा हिशेब मांडून पाहिला. ६४ गाभ्यांची एक अशी ३२ यंत्रे, म्हणजे २०४८ गाभे एकाच वेळी राबवले तरी एका प्रश्नाला सुमारे ९६ सेकंद लागतील. आणि तेवढा वेळ बाकीच्या जगाने थांबायचे! म्हणून वाचन आधीच करून सूची तयार ठेवावी लागते. पुस्तकाच्या शेवटी असते तशीच ही सूची.

मात्र पुस्तकाच्या सूचीत शब्द असतात. कोडमध्ये शब्द कोठे सुरू होतो आणि कोठे संपतो हेच धड ठरलेले नसते. मग सूची कशाची करायची? येथे आपल्या छंदशास्त्राची आठवण होते. लघू-गुरू अक्षरांचे तीन-तीनचे गट म्हणजे गण. आणि आठ गण ध्यानात राहावेत म्हणून ‘यमाताराजभानसलगा’ हे सूत्र आपल्याला सांगितले जाते. पहिली तीन अक्षरे ‘यमाता’ घेतली की य गण. एक अक्षर पुढे सरकून ‘मातारा’ घेतली की म गण. आणखी एक सरकून ‘ताराज’ घेतली की त गण. असे एकेक पाऊल सरकत दहा अक्षरांतून आठ गण निघतात. शोधयंत्राची सूची अगदी अशीच बनते. रोमन लिपीतील ‘मराठी’ या शब्दाची सात अक्षरे. त्यांतून तीन-तीनचे पाच गट निघतात. प्रत्येक गट कोणकोणत्या फायलींत आहे याची यादी यंत्राकडे तयार असते. पाचही याद्यांत ज्या फायली समाईक, तेवढ्याच उघडून तपासायच्या. कोट्यवधी फायलींतून मूठभर उरतात आणि उत्तर क्षणात येते.

‘गूगल कोड सर्च’ ही सेवा २००६ मध्ये सुरू झाली ती याच तत्त्वावर, आणि २०१२ च्या जानेवारीत ती बंद झाली तेव्हा तिचे कर्ते रस कॉक्स यांनी तिची रीत सविस्तर लिहून सर्वांना मोकळी करून दिली. गट तीनचाच का, याचेही कारण त्यांनी दिले आहे. दोन-दोनचे गट केले तर एकेक गट इतक्या फायलींत सापडतो की निवड होतच नाही. चार-चारचे केले तर सूचीच आवाक्याबाहेर फुगते. पुढे गिटहबच्या प्रचंड पसाऱ्यात तर तीनचाही गट अपुरा पडू लागला. ‘एफ-ओ-आर’ हे तीन अक्षरी इंग्रजी अव्यय ज्यात नाही अशी फायल कितीशी असणार? म्हणून त्यांनी कमी-अधिक लांबीच्या गटांची नवी पद्धत काढली.

आता ‘एम-आर’कडे वळू. दोन अक्षरांचा गण पडत नाही. छंदशास्त्रात चरणाच्या शेवटी एक-दोन अक्षरे उरली तर त्यांना ल आणि ग म्हणून सामावून घेण्याची सोय आहे. तीन-तीनच्या सूचीत तशी सोय नाही. ज्या शब्दातून एकही गट निघत नाही त्याविषयी सूची मुकी होते. मग यंत्रापुढे वाटा थोड्याच उरतात. सारे भांडार वाचून काढावे, किंवा प्रश्नच नाकारावा, किंवा हाताला लागतील तेवढी उत्तरे दाखवून मोकळे व्हावे. यात यंत्राचा आळस नाही. दोन अक्षरांत मुळी सांगितलेलेच इतके थोडे असते, की त्यावरून निवड करणे कुणालाच शक्य नाही. मी तुम्हाला नुसते ‘कर’ म्हटले तर तुम्ही काय समजाल? हात, सरकारी पट्टी, की काम करण्याची आज्ञा? ‘कर जोडून’ म्हटले की हात, ‘कर भरला’ म्हटले की सरकार, आणि ‘अभ्यास कर’ म्हटले की प्रत्येकाच्या घरचा आवाज! शब्दाचा अर्थ त्याच्या शेजाऱ्यांवरून ठरतो, हे भाषेच्या तासाला आपण शिकतोच.

उपायही याच शेजारात आहे. अनुवादाच्या फायलींच्या नावात सांकेतिक अक्षरांपुढे टिंब आणि ‘पी-ओ’ येते, हे ज्याला ठाऊक आहे तो ‘एम-आर-टिंब-पी-ओ’ असे पाच चिन्हांचे नाव शोधतो. पाच चिन्हांतून तीन गट पडतात आणि मिस्टरपासून मेमरीपर्यंत सारी गर्दी बाजूला होते. त्याच फायलीच्या आरंभी ‘लँग्वेज’ हा शब्द, विसर्गासारखी दोन टिंबे आणि मग ‘एम-आर’ अशी ओळ असते. ती संपूर्ण ओळ शोधली तरी चालते. अँड्रॉइडच्या प्रणालीत ‘व्हॅल्यूज’ या शब्दाला आडवी रेघ देऊन पुढे ‘एम-आर’ जोडलेला फोल्डर असतो, तोच शोधावा. लहान-मोठी अक्षरे वेगळी माना, शब्द स्वतंत्र असेल तरच दाखवा, अमुक प्रकारच्याच फायलींत पाहा, अशा अटीही घालता येतात. म्हणजे आखूड दोरीला गाठी मारून ती लांब करता येते.

आणि येथेच माझ्या मते खरी मेख आहे. या गाठी मारता येतात कुणाला? फायलीच्या नावात काय असते, ओळीच्या आरंभी काय असते, हे ज्याला आधीच ठाऊक आहे त्याला. म्हणजे ज्याला रस्ता माहीत आहे त्यालाच रस्ता सापडतो. नवख्याच्या हाती असतात केवळ दोन अक्षरे. आड दोघांना सारखाच खुला. पोहरा मात्र एकाचाच भरतो.

ज्यांच्या घरातून आधी कुणी महाविद्यालयाची पायरी चढलेले नाही अशा माझ्यासारख्यांना हा अनुभव संगणकाच्या बाहेरही नित्य येतो. कोणत्याही कार्यालयाच्या खिडकीपाशी उभे राहून पाहावे. ‘बोनाफाइड सर्टिफिकेट हवे आहे’ असे म्हणणाऱ्याचे काम दोन मिनिटांत होते. ‘शिकत असल्याचा कागद पाहिजे होता’ म्हणणाऱ्याला ‘कसला कागद?’ असा उलट प्रश्न येतो आणि तो पुन्हा रांगेच्या शेवटी जातो. कागद दोघांनाही मिळण्याजोगा असतो, खिडकी दोघांनाही उघडी असते. फरक एका शब्दाचा असतो, आणि तो शब्द ज्याच्या घरात आधीपासून बोलला जातो तो पुढे जातो. तेव्हा ‘सर्व काही खुले आहे, आता सबबी सांगू नका’ असे जेव्हा व्यासपीठावरून सांगितले जाते तेव्हा मला ते अर्धसत्य वाटते. दार उघडे ठेवणे ही पहिली पायरी झाली. आत कोणत्या नावाने हाक मारायची हे सांगणारा माणूस भेटणे ही दुसरी, आणि तिची दखल कुणी घेत नाही.

कुणी म्हणेल, रोमन अक्षरांची भानगडच नको, थेट देवनागरीत मराठी शब्द शोधावा. तेथेही नवी कोडी आहेत. ‘श्री’ हे आपल्या डोळ्यांना एक अक्षर. संगणकाच्या युनिकोड मोजणीत मात्र श, हलन्त, र आणि ईकार अशी चार चिन्हे. आपण ज्याला आखूड म्हणतो ते यंत्राला आखूड वाटेलच असे नाही. पुढे साठवणीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे होते. रोमन लिपीतील ‘मराठी’ सात बाइटांत मावते, देवनागरीतील ‘मराठी’ला पंधरा लागतात. त्या तिन्हींतील पहिला बाइट सर्व देवनागरी चिन्हांना एकच, आणि दुसऱ्याच्या दोनच शक्यता. तेव्हा बाइटांचे गट पाडणाऱ्या सूचीत नाव तीनचे असले तरी निवडीचे बरेचसे काम एका बाइटावरच येऊन पडते.

याहून नाजूक बाब ‘ऱ्य’ची. या लेखाच्या मथळ्यातील ‘पोहऱ्यात’ हाच शब्द घ्या. त्यातील ‘ऱ्य’ संगणकात दोन रीतींनी लिहिता येतो. एका रीतीत नुक्ता असलेला ‘ऱ’ वापरतात. दुसऱ्या रीतीत साधा ‘र’, हलन्त आणि त्यामागे एक अदृश्य जोडचिन्ह. छापून आल्यावर दोन्ही सारखेच दिसतात. पण तुम्ही एका रीतीने शोधाल आणि लिहिणाऱ्याने दुसऱ्या रीतीने लिहिले असेल, तर अक्षराला अक्षर ताडून पाहणारे यंत्र ‘सापडले नाही’ असेच सांगणार. येथे शब्द आखूड नाही, गर्दीही नाही. तरीही समोरचा माणूस हरवतो.

यातून एक गोष्ट अत्यंत काळजीपूर्वक ध्यानात घ्यावी असे मला वाटते. ‘सापडले नाही’ आणि ‘नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शोधयंत्रे स्वतःच्या मर्यादा लिहून ठेवतात, पण त्या वाचतो कोण? गिटहबच्या नव्या शोधव्यवस्थेने आपल्या मार्गदर्शिकेत स्पष्ट सांगितले आहे की, शोध फक्त मुख्य शाखेत होतो, ३५० किलोबाइटांहून मोठ्या फायली सूचीत येत नाहीत, आणि एका शोधाची पहिली शंभरच उत्तरे पाहता येतात. आता विचार करा. मोठ्या प्रणालीच्या अनुवादाची फायल मोठी असते. देवनागरी चिन्ह तीन बाइटांचे असल्यामुळे तेवढीच वाक्ये असलेली मराठी फायल रोमन लिपीतील फायलीपेक्षा आधी ही सीमा ओलांडणार. म्हणजे जेथे मराठीचे काम भरपूर झाले आहे, नेमके तेच सूचीतून गळण्याचा संभव अधिक! आणि ‘एम-आर’च्या समुद्रातील शंभर ओंजळी पाहून कुणी ‘खुल्या प्रणालींत मराठी नाहीच’ असा निष्कर्ष काढला तर? तो निष्कर्ष अहवालात जाईल, अहवालावरून ‘मागणी नाही’ असे ठरेल, आणि ज्यांनी रात्री जागून, एक पैसा न घेता फायरफॉक्स आणि लिब्रे-ऑफिस मराठीत आणले त्यांचे श्रम नसल्यात जमा होतील. शोधातील चूक अशी भाषेच्या भवितव्यापर्यंत पोहोचू शकते. म्हणून हा विषय मला किरकोळ वाटत नाही.

यावर एक आक्षेप हमखास घेतला जाईल. आता कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रे आली आहेत. साध्या मराठीत प्रश्न विचारावा, उत्तर मिळते. मग या गाठी मारण्याची यातायात कशाला? मी त्या यंत्रांच्या विरुद्ध नाही. नवख्या माणसाला पहिला शब्द सुचवण्याचे काम ती चांगले करतात, आणि खिडकीवरच्या त्या ‘कसला कागद?’ला तो मोठाच दिलासा आहे. परंतु उत्तर मिळणे आणि पुरावा मिळणे यांत अंतर आहे. शोध आपल्याला फायल दाखवतो, ओळ दाखवतो, ‘हे पाहा, येथे लिहिले आहे’ असे बोट ठेवतो. निबंधात संदर्भ दिला नाही तर आमचे प्राध्यापक गुण कापतात, आणि ते योग्यच करतात. मग यंत्राने बिनसंदर्भाचे उत्तर दिले तर ते आपण मुकाट्याने का स्वीकारावे? ‘एकूण किती?’ आणि ‘कोठेच नाही का?’ या दोन प्रश्नांची उत्तरे तर शोध घेतल्यावाचून देताच येत नाहीत. ऐकीव माहिती कितीही गोड शब्दांत सांगितली तरी ती ऐकीवच.

तेव्हा करावे काय? नुसती टीका करून थांबणे विद्यार्थ्याला शोभत नाही, म्हणून तीन सूचना मांडतो.

पहिली सूचना शिकवण्याविषयी. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना ग्रंथालयाची ओळख करून देण्याचा एक तास असतो. त्याला जोडून आणखी दोन तास ‘शोध कसा घ्यावा’ यासाठी ठेवावेत. संगणकाचा वर्ग म्हणून नव्हे, भाषेचा वर्ग म्हणून. शब्द आखूड असेल तर शेजारी कसा जोडावा, एकच अक्षर दोन रीतींनी कसे लिहिलेले असते, यंत्र काय वगळते, हे मराठीच्या प्राध्यापकांनी आणि ग्रंथपालांनी मिळून सांगावे.

दुसरी सूचना लिहिण्याविषयी. जो कुणी यापुढे अशा प्रणालींत मराठीसाठी काम करील, त्याने सांकेतिक अक्षरांच्या शेजारी ‘मराठी’ हा पूर्ण शब्द, रोमन आणि देवनागरी दोन्ही लिपींत, एकदा तरी लिहून ठेवावा. लिहिणाऱ्याला दहा सेकंद लागतात, शोधणाऱ्यांचे कित्येक तास वाचतात. घराला नंबर असतोच. दारावर नावाची पाटी लावली तर पोस्टमन चुकत नाही.

तिसरी सूचना आपल्या सर्वांसाठी आहे. गूगलची सेवा २०१२ मध्ये बंद झाली, त्याच वर्षी जर्मनीतील मायकेल श्टापेलबर्ग या विद्यार्थ्याने पदवीच्या प्रबंधासाठी ‘डेबियन कोड सर्च’ उभारले. डेबियन या खुल्या प्रणालीचा सारा सोर्स कोड त्यात शोधता येऊ लागला. रस कॉक्स यांनी मोकळी केलेली रीत हाच त्याचा पाया होता. एका कंपनीने मिटवलेले दार एका विद्यार्थ्याने दुसऱ्या बाजूने उघडले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. आपल्याला एवढी मोठी झेप घेता येणार नाही, हे मान्य. पण ज्या खुल्या प्रणालींत मराठी आहे त्यांची एक वही आपला मराठी विभाग निश्चित करू शकेल. प्रणालीचे नाव, मराठीची फायल कोठे आहे, तिच्यात किती वाक्ये मराठीत आली आहेत, किती राहिली आहेत, आणि ती कोणत्या शब्दाने सापडली, असे पाच रकाने पुरेत. दरवर्षी द्वितीय वर्षाच्या वर्गाने ती तपासून पुढच्या वर्गाच्या हाती द्यावी. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. कारण नवख्याला हवी असलेली दोरी तीच आहे.

आड खुला करणाऱ्यांचे उपकार आहेतच. परंतु पूर्वी गावच्या विहिरीवर एक लांब दोर सगळ्यांसाठी ठेवलेला असे, म्हणून ज्याच्या घरी दोर नाही तोही तहानलेला परत जात नसे. ज्ञानाच्या या नव्या आडावर तसा सामाईक दोर ठेवण्याचे काम कुणीतरी अंगावर घेतले पाहिजे. ते आपल्या महाविद्यालयाने येत्या जूनपासून सुरू करावे, एवढीच या लेखाद्वारे प्राध्यापकवर्गाला आणि विद्यार्थी-मित्रांना माझी विनंती आहे. वहीच्या पहिल्या पाच नोंदी मी स्वतः करून देईन.